इन्सुलिनला ऊनही नको, बर्फही नको



या पानावर एरवी मी बीजप्रक्रिया, हुमणी, बोंडअळी, माती परीक्षण अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय पिकाचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. आपल्या प्रत्येक गावात आज मधुमेहाचे, म्हणजे आपल्या बोलीत ‘शुगर’चे, रुग्ण आहेत आणि त्यातल्या काहींना रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. इंजेक्शन कसं घ्यायचं ते डॉक्टर दाखवतात. पण बाटली घरी कशी आणायची, कुठं ठेवायची, शेतात जाताना, गावाला जाताना कशी न्यायची, हे नीट विचारायचं आपल्याकडून राहून जातं. माझ्याकडूनही राहिलं होतं. त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली. म्हणून हा लेख.

सन २०१९ चा मे महिना. खरीपपूर्व सभांची धावपळ चालू होती. आबांच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या मी तालुक्याच्या मेडिकलमधून घेतल्या आणि मोटारसायकलच्या डिकीत टाकल्या. त्या दिवशी एका गावात मारुतीच्या पारावर सभा होती. गाडी उन्हात उभी होती आणि मी लोकांना सांगत होतो, ‘सोयाबीनला लावायच्या रायझोबियमची पाकिटं उन्हात ठेवू नका, आतले जिवाणू मरतात, मग नुसती काळी पावडर लावल्यासारखं होतं.’ दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक. बाटल्या डिकीतच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो, तर बाटल्या हाताला चटका बसावा इतक्या तापलेल्या. आईनं त्या बघितल्या आणि बिचारीनं चांगल्या मनानं फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिल्या. सकाळी एक बाटली गोठलेली होती. ती बाहेर ठेवली, वितळली, पुन्हा दुधासारखी दिसायला लागली. आम्हाला वाटलं, झालं काम.

पुढच्या आठ-दहा दिवसांत आबांची तहान वाढली. रात्री चार-चार वेळा उठायला लागले. अंग गळून गेलं. आम्ही सगळ्यांनी काय केलं असेल? आबांनाच बोल लावले. आंब्याचे दिवस होते. ‘चोरून रस खाता,’ म्हणून आईनं त्यांचं ताट वेगळं काढलं. मीही चार शब्द जास्तच बोललो. आबा गप्प बसले. शेवटी साखर चारशेच्या वर गेली आणि त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बाटली कुठं ठेवली होती?’ मी सगळं सांगितलं. त्यांनी बाटल्या फेकायला लावल्या. नवीन बाटली आणली, युनिट तेवढेच, जेवण तेच, आणि आठवड्यात साखर उतरली. आबांनी रस खाल्लाच नव्हता. ते इंजेक्शन रोज वेळेवर घेत होते, पण त्या बाटलीत औषध उरलेलंच नव्हतं.

जगाला पाकिटं सावलीत ठेवायला सांगणारा मी, माझ्याच दिव्याखाली अंधार!

इन्सुलिन इतकं नाजूक का?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिथं इन्सुलिन तयार होतं आणि ते रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं. काहींच्या शरीरात ते अजिबात तयार होत नाही, विशेषतः लहान वयात सुरू होणाऱ्या मधुमेहात. याला टाइप-१ म्हणतात. काहींच्या शरीरात ते पुरेसं पडत नाही. कॅनडातल्या टोरोंटो इथं १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी हे द्रव्य वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी टाइप-१ झालेलं मूल फार काळ जगत नसे. म्हणजे ही बाटली काही टॉनिक नव्हे. काही घरांत ती म्हणजे लेकराचा श्वासच आहे.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. अंडं उकडलं की त्यातलं बलक-पांढरं घट्ट होतं, मग ते कितीही गार केलं तरी पुन्हा कच्चं होत नाही. इन्सुलिनचं तसंच. जास्त उष्णता लागली की त्याची घडण बिघडते, आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवून ती परत येत नाही. गोठण्याचंही तेच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्याचा भरवसा नाही. ते टाकूनच द्यावं. आपल्या जनावरांची खुरकुताची लस आठवा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले लोक ती २ ते ८ अंशांत जपतात, उन्हात नेत नाहीत आणि गोठूही देत नाहीत. गाय-बैलाच्या लशीची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी घरच्या माणसाच्या औषधाची घ्यायला नको का?

दोन आकडे पाठ करा

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली तर तिच्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत चांगली राहते. वापरायला काढलेली बाटली साधारण ३० अंशांच्या आत, सावलीत, फ्रिजबाहेर ठेवली तरी चालते, पण बहुतेक प्रकारांत फक्त २८ दिवस. काही प्रकारांची ही मुदत कमी-जास्त असते. ती खोक्यातल्या घडीच्या कागदावर लिहिलेली असते. तो कागद फेकू नका. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारून दिवस लिहून घ्या.

यातून एक सोपी सवय लावून घ्या. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खुणा करतो तशी एक खूण तिथंही करा. अठ्ठावीस दिवस झाले की बाटलीत औषध उरलेलं असलं तरी ती बाद. पैसे वाया जातात म्हणून जीव हळहळतो, हे मला कळतं. पण बियाण्याची मुदत संपली आणि तरी पेरलं, तर नुसतं बियाणं वाया जात नाही, हंगाम जातो.

घरी फ्रिज असेल तर

सगळ्यात मोठा गैरसमज असा की जितकं गार तितकं चांगलं. तसं नाही. बर्फाच्या कप्प्यात, त्याच्या खालच्या ट्रेमध्ये किंवा फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून इन्सुलिन ठेवू नये, तिथं ते गोठू शकतं. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला, झाकणाच्या स्वच्छ डब्यात, खोक्यासकट ठेवावं. खोक्यामुळं उजेडही लागत नाही. डब्यावर रुग्णाचं नाव लिहावं, म्हणजे पोराबाळांचा हात लागणार नाही.

लाइट गेली की फ्रिज सारखा उघडून बघू नका. दार बंद राहिलं तर आतला गारवा काही तास टिकतो. बारा-बारा तास लाइट नसेल तर पुढं सांगितलेली माठाची सोय तयार ठेवा. पोल्ट्रीच्या शेडमध्ये लावतो तसला साधा तापमापी फ्रिजमध्ये आणि माठात ठेवला तर अंदाजपंचे कारभार राहत नाही. पैशाच्या मानानं ही फार उपयोगाची वस्तू आहे.

आणखी एक. फ्रिजमधून काढलेलं इन्सुलिन लगेच टोचलं तर जास्त दुखतं. थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवावं. मात्र ते गरम पाण्यात धरू नये किंवा चुलीजवळ ठेवू नये.

फ्रिज नसेल तर माठ आहे

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी हात टेकायचं कारण नाही. भाजीपाला टिकवण्यासाठी विटा आणि ओल्या वाळूचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ आपण पाहिला असेल. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं तो १९८० च्या दशकात तयार केला. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं तत्त्व. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणानं. तेच इथं वापरायचं.

एक मोठी, झिलई नसलेली मातीची कुंडी किंवा माठ घ्या. तळाशी चार बोटं नदीची वाळू टाका. त्यावर लहान मडकं ठेवा आणि दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्यानं भिजवा. उन्हाळ्यात दुपारीही एकदा. इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून तो डबा आतल्या मडक्यात ठेवा. वर झाकण आणि त्यावर ओलं गोणपाट. हे सगळं तिवईवर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायचं. बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं तर पाणी उडणार नाही आणि गारवाही येणार नाही. वाळूऐवजी काळी माती भरू नका, ती चिकटून बसते.

कोरड्या हवेत बाहेरच्या आणि आतल्या तापमानात दहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. भारतासह अनेक देशांतले मातीचे माठ तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इन्सुलिन गार ठेवायला ते उपयोगी पडतात असंच दिसलं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं तापमान मोजलं आणि रात्री २५, दिवसा ३७ अंश अशा चढ-उतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन तपासलं. ते कामाचं राहिलं होतं, असं त्यांनी २०२१ साली जाहीर केलं. याचा अर्थ बाटली उन्हात टाकावी असा नाही. अर्थ एवढाच, की फ्रिज नाही म्हणून इन्सुलिनच बंद करण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पण माठाच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. पहिली, पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, पाणी उडत नाही, त्यामुळं माठ फारसा गार होत नाही. नशिबानं तेव्हा बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं. दुसरी, माठ म्हणजे फ्रिज नव्हे. तो २ ते ८ अंशांपर्यंत कधीच जात नाही. म्हणून माठातल्या बाटलीचे अठ्ठावीस दिवस ती फ्रिजमधून निघाली त्या दिवसापासून मोजा, मग ती उघडलेली असो वा नसो. सहा महिन्यांचा साठा माठात करू नका. महिन्याला लागेल तेवढंच आणा.

कळकळीची विनंती आणखी एक. आपल्याकडे एकाच फडताळात कीटकनाशक, उंदराचं औषध आणि माणसाचं औषध शेजारी-शेजारी असतं. हे आजच वेगळं करा.

मेडिकलमधून घरापर्यंत

बाजाराच्या दिवशी आपण सकाळी मेडिकलमध्ये जातो, पिशवी घेऊन दिवसभर बाजार फिरतो आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो. हा क्रम उलटा करा. बाजार आधी, इन्सुलिन शेवटी. बाटली आपल्यासमोर फ्रिजमधून काढायला लावा, मुदत बघा, बिल घ्या.

काही दुकानदार पिशवीत बर्फाचे खडे घालून त्यावरच बाटली ठेवतात. त्यांचा हेतू चांगला, पण बर्फाला टेकलेली बाटली गोठू शकते. रुंद तोंडाचा थर्मास न्यावा. तळाशी बर्फाची बंद पिशवी, वर जाड फडक्याची घडी आणि त्यावर बाटली, असं भरावं. थर्मास नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यातही तास-दोन तासांचा प्रवास निभावतो. डिकीत, टाकीवरच्या पिशवीत किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये बाटली ठेवू नये. मे महिन्यात बंद गाडीच्या आतली हवा ५० अंशांच्या पुढं सहज जाते.

घेताना बाटलीवरचा आकडाही बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. १०० युनिटचं असेल तर सिरिंज केशरी टोपीची. पेनमधलं इन्सुलिनही सहसा १०० चंच असतं. चाळीसच्या बाटलीला शंभरची सिरिंज लावली तर डोस कमी जातो. उलट केलं तर अडीचपट जातो, आणि तो जिवावर बेतू शकतो. फवारणीला पंप बदलला की औषधाचं माप बदलतं, तसंच हे.

शेतात जाताना

दुपारचा डोस शेतात घ्यावा लागत असेल तर बाटली किंवा पेन वायरच्या पिशवीत लोंबकळत ठेवू नका. न्याहारीच्या डब्याजवळही नको, डबा गरम असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या वेगळ्या डब्यात, झाडाच्या दाट सावलीत ठेवा. सावली सरकते, हे आपल्याला सांगायला नको. सकाळी सावलीत ठेवलेली पिशवी दुपारी उन्हात आलेली असते. खिशात किंवा कंबरेला बांधूनही ठेवू नका, अंगाची ऊब लागते. पेनला सुई लावून ठेवू नये. त्यातून औषध गळतं आणि हवा आत जाते.

जवळ साखरेची पुडी मात्र कायम असलीच पाहिजे. इन्सुलिन घेतलं, काम जास्त झालं, जेवायला उशीर झाला, की रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्यांपुढं अंधारी, बडबड, ही त्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, आणि मग भाकरी खायला लावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. घाम आणि बडबड बघून ‘दारू प्यायलाय’ म्हणून माणसाला बांधावर सोडून देण्याचे प्रकार होतात. असं कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून सोबत काम करणाऱ्यांना आपला आजार सांगून ठेवा. त्यात लाज कसली?

एसटी, वारी आणि ऊसतोड

प्रवासाचा पहिला नियम: इन्सुलिन आपल्या अंगाजवळच्या पिशवीत. एसटीच्या डिकीत नाही, टपावर नाही, इंजिनाशेजारी नाही. विमानानं जाणार असाल तर सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या जागेत ते गोठण्याचा धोका असतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

दुसरा नियम: लागेल त्याहून जास्त घ्या आणि दोन ठिकाणी विभागून ठेवा. हिशेब सोपा आहे. चाळीसच्या १० मिलिलिटर बाटलीत ४०० युनिट असतात. रोज ३० युनिट लागत असतील तर एक बाटली तेरा दिवस. महिन्याला ९०० युनिट, म्हणजे तीन बाटल्या. त्यावर एक जादा ठेवा, एखादी फुटली तर परक्या गावात धावाधाव नको.

आळंदी, देहू, पैठणहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांची वाट अठरा-वीस दिवसांची. उघडलेल्या बाटलीची मुदत तेवढ्यात संपत नाही, त्यामुळं वारी चुकवायचं कारण नाही. फक्त बाटली दिंडीच्या ट्रकमध्ये वळकटीबरोबर टाकू नका. ट्रक दिवसभर उन्हात असतो. ती आपल्या पडशीत, ओल्या फडक्यात असू द्या. रोजच्या चालण्यानं साखर उतरते आणि एकादशीला उपवास असतो, म्हणून निघण्याआधी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मनानं कमी-जास्त करू नका. दिंडीतल्या एका तरी माणसाला आपला आजार आणि साखरेच्या पुडीची जागा माहीत असावी.

सगळ्यात अवघड वाट आपल्या ऊसतोड मजुरांची. माझ्या ओळखीच्या एका कोयत्यावरच्या कुटुंबातल्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप-१ आहे. दिवाळीनंतर टोळी निघायची वेळ आली की तिच्या आईला घोर लागायचा. पोरीला आजीजवळ ठेवावं तर आजीला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. बरोबर न्यावं तर कोपीत फ्रिज कुठला? शेवटी त्या माउलीनं दोन मडकी गावाकडूनच बरोबर नेली. कोपीच्या सावलीच्या बाजूला वाळूत बसवली आणि उसाच्या फडावर जाण्याआधी रोज वाळू भिजवायचा नेम केला. महिन्याचंच इन्सुलिन न्यायचं आणि पुढचं कारखान्याजवळच्या गावातून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी इन्सुलिनचं पूर्ण नाव, ४० की १००, सकाळचे-संध्याकाळचे युनिट असं सगळं डॉक्टरांकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. मुकादमालाही त्याची एक प्रत दिली. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण नियोजन एखाद्या अधिकाऱ्याला लाजवेल असं!

अशा लेकरांच्या आई-बापांना एकच सांगणं. ताप आला, जेवण कमी झालं, म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. टाइप-१ मध्ये ते पूर्ण बंद झालं तर थोड्याच दिवसांत जीव धोक्यात येतो. उलट्या, पोटदुखी, खोल-खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा. मूल रस्त्याला असो की फडावर.

बिघडलं हे कसं ओळखायचं?

काही इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते गढूळ झालं, रंग आला, आत कण दिसले तर टाकून द्या. काही दुधासारखं असतं. ते दोन तळहातांमध्ये दहा वेळा हळुवार फिरवून एकसारखं करायचं, घुसळायचं नाही. फिरवूनही गाठी राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटला तर तीही बाटली बाद.

पण खरी मेख इथंच आहे. उन्हानं बिघडलेलं इन्सुलिन दिसायला अगदी चांगलं असू शकतं. आमच्या आबांच्या बाटल्या तशाच होत्या. म्हणून डोस तोच, जेवण तेच आणि तरी साखर सारखी चढी, असं झालं तर रुग्णाला बोलण्याआधी बाटलीवर संशय घ्या. डोस आपल्या मनानं वाढवू नका. नवीन बाटली काढा, साखर तपासा आणि डॉक्टरांना गाठा.

वापरलेल्या सुया उकिरड्यात नकोत

सुई उकिरड्यावर फेकली की ती शेणखतातून रानात जाते आणि पेरणीला अनवाणी पायात घुसते. वापरलेल्या सुया-सिरिंज जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या कॅनमध्ये टाका. तेलाचा रिकामा कॅन चालेल, कीटकनाशकाचा नको. कॅन पाऊण भरला की बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून जमा करा.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना

गावात इन्सुलिन घेणारी माणसं फार नसतात. आशाताईंना सोबत घेऊन, त्या कुटुंबांच्या संमतीनं, त्यांची छोटी यादी करता येईल. कुणाच्या घरी फ्रिज नाही, कुणाचं लेकरू शाळेत आहे, कोण ऊसतोडीला जातं, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. शेजारच्या फ्रिजमध्ये नाव लिहिलेला एक डबा ठेवायला कुणी नाही म्हणत नाही, पण विचारायला मन धजत नाही. ते विचारण्याचं काम गावकारभाऱ्यांनी करावं. शाळेतल्या गुरुजींना साखरेच्या पुडीचं सांगून ठेवावं. टोळ्या निघण्याआधीच्या ग्रामसभेत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

आबा आता बरे आहेत. तालुक्याला गेलो की इन्सुलिन मी सगळ्यात शेवटी घेतो आणि थर्मास गळ्यात अडकवूनच गाडीला किक मारतो. घरी पोचलो की आबा आधी बाटलीला हात लावून बघतात, गार आहे ना म्हणून, आणि मगच माझ्याशी बोलतात. त्या उन्हाळ्यातला आमरस मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही तो नाहीच. मागच्या मे महिन्यात डॉक्टरांना विचारून आईनं त्यांच्या ताटात दोन चमचे रस वाढला. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काय साहेब, आता खाऊ ना?’

तुमच्या घरात अशी वेळ येऊ देऊ नका. हा लेख वाचून झाला की उठा आणि बाटली कुठं ठेवली आहे ते एकदा बघून या.